पहिल्यानंतर दुसरा यायला ६८ वर्षं

ॲक्रनहून कँटनला गाडीने जेमतेम अर्धा तास. पॉलिमर शिकायला म्हणून ओहायोत आलो आणि इथलाच झालो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. या गावात माझ्यासारखे बरेच मराठी लोक याच वाटेने आलेत. भारतातून कुणी पाहुणा आला की आधी नायगारा आणि मग कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम (अमेरिकन फुटबॉलमधल्या थोरांचं संग्रहालय), हा आमच्या घरचा ठरलेला शिरस्ता. मागच्या शनिवारी पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन तिथे गेलो होतो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पोस्ट लांबणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

तिथल्या एका दालनात मंद उजेडात काशाचे अर्धपुतळे ओळीने मांडलेत. ज्या वर्षी मान मिळाला त्या वर्षाप्रमाणे. २००५ सालचे चार चेहरे आहेत: डॅन मरिनो, स्टीव्ह यंग, बेनी फ्रीडमन आणि फ्रिट्झ पोलार्ड. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. वडिलांनी मुलाला सांगितलं, हा एनएफएलचा (इथल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल लीगचा) पहिला काळा कोच. मुलाने मान डोलावली आणि सगळे मरिनोसमोर फोटो काढायला गेले. त्यांची काही चूक नाही. मीही कित्येक वर्षं पोलार्डला तेवढंच ओळखत होतो. ‘पहिला’ हा शब्द ऐकला की आपण टाळी वाजवतो आणि पुढे सरकतो. पण पहिला १९२१ साली झाला आणि दुसरा १९८९ साली, हे कळल्यावर ती टाळी वाजेनाशी होते.

त्याचं पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. जन्म २७ जानेवारी १८९४, शिकागोच्या रॉजर्स पार्क भागात. वडील न्हावी, आई शिवणकाम करणारी. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजलेले फ्रेडरिक डग्लस तेव्हा हयात होते, त्यांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं. आजूबाजूला जर्मन वस्ती होती, तिथे त्याला फ्रिट्झ म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. अंगाने लहानखुरा, पाच फूट नऊ इंच आणि जेमतेम ७५ किलो. या खेळात एवढा माणूस म्हणजे दगडी भिंतीवर टाकलेला चेंडू. पण थोरले भाऊ फुटबॉल खेळायचे आणि त्यांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. ती पुढे सांगतो.

ब्राउन विद्यापीठाकडून खेळताना १ जानेवारी १९१६ ला तो रोझ बोल या कॉलेज संघांच्या मानाच्या सामन्यात उतरला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला काळा खेळाडू. कॅलिफोर्नियात पोचल्यावर हॉटेलवाल्याने त्याला खोली द्यायला नकार दिला. त्याला खोली नाही तर आम्हीही इथे राहणार नाही, असं संघाने ठणकावलं तेव्हा कुठे खोली मिळाली. सामना चिखलात झाला आणि ब्राउन १४-० ने हरलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्याआधी मात्र ब्राउनने लागोपाठच्या दोन आठवड्यांत येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असं लोळवलं. वॉल्टर कॅम्प यांच्या ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या) यादीत बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, जागेवर पहिल्यांदाच एका काळ्या खेळाडूचं नाव आलं, ते पोलार्डचं.

मग महायुद्ध, लष्करी छावणीतलं काम, आणि पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कोचची नोकरी. आठवडाभर लिंकनच्या पोरांना शिकवायचं आणि रविवारच्या सामन्यासाठी रेल्वेने ओहायो गाठायचं. कारण १९१९ पासून तो ॲक्रनकडून पैसे घेऊन खेळायला लागला होता. म्हणजे माझ्या गावाकडून.

तेव्हाचं ॲक्रन डोळ्यांपुढे आणा. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळे टायरवाले इथेच. १९१० साली लोकवस्ती ६९ हजार, १९२० साली २ लाख ८ हजार. रबराच्या कारखान्यांत काम करायला दक्षिणेतून गोऱ्यांचे लोंढे आले आणि येताना तिकडचा वंशद्वेष पेटीत भरूनच आले. मैदानात पोलार्डला शिव्या पडायच्या. गावातल्या हॉटेलांत वाढायचे नाहीत. बाकीच्या संघाबरोबर कपडे बदलायचे नाहीत, म्हणून संघाचे एक मालक फ्रँक नीड यांच्या सिगारच्या जागेत तो तयार व्हायचा. तिथून गाडीत बसायचा आणि सामना सुरू व्हायच्या बेताला मैदानावर उतरायचा. त्या सिगारच्या वासात बूट बांधत बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहेर हजारो लोक, त्यातले कित्येक त्याच्या नावाने बोटं मोडणारे, आणि आत हा एकटा.

१७ सप्टेंबर १९२० ला कँटन संघाचे मालक राल्फ हे (Hay) यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये बैठक झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मंडळी गाड्यांच्या पायऱ्यांवर बसली. आज जिला आपण एनएफएल म्हणतो ती लीग तिथे जन्मली. हॉल ऑफ फेम कँटनला आहे ते त्यामुळेच. त्या पहिल्या हंगामात लीगमध्ये दोनच काळे खेळाडू होते: रॉक आयलंडचा बॉबी मार्शल आणि ॲक्रनचा पोलार्ड.

आणि ॲक्रन जिंकलं. ११ सामने, ८ विजय, ३ बरोबरीत, हार एकही नाही. अख्ख्या हंगामात त्यांच्यावर फक्त ७ गुण चढले. जिम थॉर्प या नामांकित खेळाडूच्या कँटनला दोनदा हरवलं. १२ डिसेंबरला शिकागोत, आज जे रिग्ली फील्ड आहे तिथे, जॉर्ज हॅलस यांच्या डेकेटर स्टेलीजशी शेवटचा सामना. हॅलस यांनी त्या एका सामन्यापुरता शिकागो कार्डिनल्सचा पॅडी ड्रिस्कॉल उसना आणला होता. १२ हजार माणसं बघायला आली आणि सामना ०-० सुटला. पुढच्या एप्रिलमध्ये मतदानाने ॲक्रनला अजिंक्यपद दिलं. खेळाडूंना फुटबॉलच्या आकाराचं, घड्याळाच्या साखळीला अडकवायचं सोन्याचं पदक मिळालं. मुख्य चषक पुढे हरवला. आणि नंतर कित्येक वर्षं लीगच्या स्वतःच्याच कागदपत्रांत १९२० चा विजेता ‘अनिर्णित’ म्हणून नोंदवलेला होता! १९७० च्या दशकात ती चूक दुरुस्त झाली. पहिल्या काळ्या तारांकित खेळाडूचा संघ जिंकला, आणि नेमकं तेच वर्ष लीगच्या आठवणीतून गळलं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नोंदी नीट ठेवल्याच जात नव्हत्या. पण नोंदी नसल्या की फटका कुणाला बसतो हे बघा.

आता कोचिंगचं. इथे मला थोडं थांबायचंय.

आज टीव्हीवर दिसणारा कोच म्हणजे कानाला हेडफोन, हातात कागद, साइडलाइनवर येरझारा. १९२० साली हे चालायचंच नाही. नियमाप्रमाणे बाहेरून खेळाडूंना सूचना देणं गुन्हा होता, दंड बसायचा. बाहेरचा माणूस आठवडाभर सराव घेऊ शकत होता, पण एकदा सामना सुरू झाला की डाव कोणता टाकायचा, कुणी कुठे पळायचं, हे आत असलेल्यांनीच ठरवायचं. म्हणून त्या काळातले बहुतेक कोच स्वतः खेळणारे. हॅलस खेळत होते, ग्रीन बेचे कर्ली लँबो खेळत होते, थॉर्प खेळत होता. जो मैदानात डाव रचतो तोच खरा कोच.

ॲक्रनमध्ये कोच म्हणून एल्गी टोबिन यांचं नाव असायचं. पोलार्ड म्हातारपणी मुलाखतींत सांगायचा की आपण आलो तेव्हा या संघाचे डाव जुनाट होते, मग ब्राउनमध्ये शिकलेले डाव आपण त्यांना शिकवले. काही खेळाडूंनी कुरकुर केली तेव्हा मालक नीड त्याच्या बाजूने उभे राहिले. १९२१ पासून अधिकृत नोंदीत तो टोबिन यांच्यासोबतचा सहकोच आहे. वर्तमानपत्रांत मात्र बहुतेक वेळा टोबिन. टोबिन यांच्याविषयी मला राग नाही, तेही त्या संघात खेळत होते. पण ‘सहकोच’ या शब्दातला ‘सह’ मला खुपतो. त्या काळात एका काळ्या माणसाला गोऱ्या खेळाडूंवर अधिकार आहे असं कागदावर लिहिणं जड जायचं. अधिकार त्याच्याकडे होता, नाव दुसऱ्याचं.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिपाई होते. कबड्डी त्यांच्या रक्तात. रोज पहाटे फक्कीने मैदान आखायचे, पोरांच्या चढाया घ्यायचे, कोपरारक्षकाने घोटा कसा धरायचा ते स्वतः मातीत लोळून दाखवायचे. त्या पोरांनी एका वर्षी जिल्हा मारला. शाळेत फोटो लागला. फोटोत बाबा नव्हते. खाली ‘प्रशिक्षक’ म्हणून ज्या सरांचं नाव होतं, ते पहाटे मैदानावर आलेले मी एकदाही पाहिले नव्हते. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फक्कीचा डबा घेऊन बाहेर पडले. मी तेव्हा सातवीत होतो, आणि तो फोटो मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यामुळे ॲक्रनच्या जुन्या बातम्यांत टोबिनचं नाव आणि पोलार्डचं काम असं वाचलं की मला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

१९२१ ला ॲक्रन ८ विजय, ३ हार, १ बरोबरी करून तिसरं आलं. १९२२ ला पोलार्ड मिलवॉकीला गेला. तिथे त्याच्यासोबत पॉल रोबसन होते, पुढे जगभर गाजलेले गायक आणि नट. तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात वकिली शिकत होते आणि फीसाठी फुटबॉल खेळत होते. त्या नोव्हेंबरात मिलवॉकीने थॉर्पच्या तेव्हाच्या संघाला १३-० ने हरवलं, दोन्ही टचडाउन (चेंडू समोरच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) रोबसन यांचे. मग पोलार्ड इंडियानातल्या हॅमंडला, मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या भागातल्या गिल्बर्टन संघात, मग प्रॉव्हिडन्स, आणि फिरून ॲक्रन. लीगमधल्या चार संघांकडून तो खेळला, कधी त्यांचं कोचिंगही केलं. हॅमंडकडून त्याने क्वार्टरबॅकची, म्हणजे मैदानात डाव चालवणाऱ्याची, जागा सांभाळली, लीगच्या इतिहासात काळ्या खेळाडूने पहिल्यांदाच.

१९२६ ला लीगमध्ये २२ संघ होते, १९२७ ला १२ उरले. लहान गावांचे संघ गेले आणि पोलार्डसारख्यांच्या जागा गेल्या. १९३३ च्या हंगामात जो लिलार्ड आणि रे केम्प असे दोन काळे खेळाडू राहिले होते. १९३४ ला एकही नाही. १९४५ पर्यंत एकही नाही. १२ हंगाम! लेखी नियम कुठेच नाही. कागदच नाही म्हटल्यावर जाब तरी कुणाला विचारायचा? पोलार्डने पुढे या सगळ्यासाठी हॅलस यांना जबाबदार धरलं, हॅलस यांनी ते साफ नाकारलं. मला एवढंच दिसतं की ही दारं आतून बंद होती आणि आत बसलेल्या एकानेही उठून कडी काढली नाही. बॉस्टनचा आपला संघ वॉशिंग्टनला नेणारे जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर काळा खेळाडू नको यावर शेवटपर्यंत अडून राहिले. त्यांच्या संघात पहिला काळा खेळाडू उतरायला १९६२ उजाडलं.

पोलार्डच्या कारकिर्दीचा मला सर्वांत आवडणारा भाग इथून सुरू होतो, आणि याच भागाविषयी कुणी बोलत नाही. लीगने दार लावल्यावर तो घरी बसला नाही. शिकागोत त्याने ब्लॅक हॉक्स नावाचा सगळ्या काळ्या खेळाडूंचा संघ बांधला आणि गावोगावी फिरून गोऱ्या संघांशी सामने लावले. मंदीत पश्चिमेच्या दौऱ्यावर असताना तो संघ मोडला. त्याची गुंतवणूक कंपनीही मंदीने बुडवली. मग न्यूयॉर्कला हार्लेममध्ये १९३५ ला तो ब्राउन बॉम्बर्स या संघाचा कोच झाला. जो लुईस तेव्हा मुष्टियुद्धात गाजत होते, त्यांचं टोपणनाव संघाला दिलेलं. डिकमन ओव्हल नावाच्या मैदानावर सामने व्हायचे. एनएफएलने बाहेर काढलेला जो लिलार्ड या संघात खेळला. विचार करा, देशातल्या सर्वांत मोठ्या लीगला जो खेळाडू नको होता त्याला पोलार्ड उभं करत होता, आणि गोऱ्या संघांना आमच्यासमोर खेळून दाखवा म्हणून बोलावत होता. तीन हंगाम त्याने हे केलं. सोबत एक वर्तमानपत्रही चालवलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याच्या मुलाने, धाकट्या फ्रिट्झने, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा बाप हार्लेममध्ये संघ बांधत होता.

कोच म्हणून माणूस मोजायचा तर माझ्या मते इथे मोजा. ॲक्रनमध्ये मालक पाठीशी होते, हातात अजिंक्यसंघ होता. हार्लेममध्ये लीग नाही, मोठे पैसे नाहीत, उद्या सामना मिळेल याची शाश्वती नाही, तरी पोरं सरावाला येतात. कुणीतरी त्यांना बांधून ठेवतंय म्हणूनच येतात ना? एनएफएलच्या नोंदवहीत या वर्षांना काही किंमत नाही, कारण ती लीगबाहेरची. बाहेर काढलं कुणी?

१९४६ ला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाला कोलिझियम हे सार्वजनिक मैदान वापरायचं होतं. करदात्यांच्या मैदानावर गोऱ्यांचीच टीम चालणार नाही असा दबाव काळ्या पत्रकारांनी आणला, तेव्हा केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड संघात आले. खेळाडूंना दार उघडलं. कोचची खुर्ची आणखी ४३ वर्षं बंद राहिली. पळायला, धडका द्यायला काळा माणूस चालतो, पण डोकं चालवायला आणि हुकूम सोडायला नको, ही समजूत त्या ४३ वर्षांमागे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये मालक अल डेव्हिस यांनी रेडर्स संघाचे कोच म्हणून आर्ट शेल यांना नेमलं. पेपरांत बातमी आली तेव्हा अनेकांनी शेल यांनाच पहिले म्हटलं. पोलार्डचं नाव लोकांना शोधून काढावं लागलं. तो ११ मे १९८६ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी, मेरीलँडमध्ये वारला होता. तीन वर्षं आधी.

हॉल ऑफ फेमचा पहिला वर्ग १९६३ चा. त्यात हॅलस आहेत, लँबो आहेत, थॉर्प आहे. ज्यांच्याविरुद्ध पोलार्ड खेळला ते. तेव्हा पोलार्ड ६९ वर्षांचा होता, धडधाकट होता, दोन पायांवर चालत कँटनला येऊ शकला असता. त्याला २००५ ला घेतलं, मरणानंतर १९ वर्षांनी. नातवाने त्याच्या वतीने तो मान स्वीकारला. २००३ मध्ये त्याच्या नावाने फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स ही संस्था निघाली. काळ्या कोचना संधी मिळावी म्हणून ती झगडते. त्याच साली रूनी नियमही आला: मुख्य कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेणं तेव्हा बंधनकारक झालं. नियम चांगला आहे, पण मुलाखत म्हणजे नेमणूक नव्हे. २०२२ ला ब्रायन फ्लोरेस या काळ्या कोचने या मुलाखती तोंडदेखल्या होतात असं सांगत लीगवरच दावा ठोकला. मला त्यात नवल वाटलं नाही.

माझी विनंती साधी आहे. पोलार्डचा फोटो शेअर करताना ‘पहिला काळा कोच’ एवढंच लिहू नका. सोबत १९८९ लिहा. १९३४ ते १९४५ लिहा. हार्लेम लिहा. नुसतं ‘पहिला’ म्हटलं की सगळं श्रेय दार उघडणाऱ्यांच्या पदरात पडतं आणि ते दार पुन्हा कुणी लावलं हे झाकून जातं.

आणि हो, भावांनी शिकवलेली ती गोष्ट. त्या काळी पळणारा खाली पडला तरी त्याच्या अंगावर माणसं उड्या टाकायची. पोलार्ड काळा म्हणून जास्तच, गुडघे आणि कोपरं मुद्दाम लावून. म्हणून तो पडला की क्षणात उताणा व्हायचा आणि सायकल चालवल्यासारखे पाय हवेत फिरवायचा. बुटाचे खिळे समोरच्याच्या तोंडाकडे. मग अंगावर पडायची कुणाची हिंमत होणार?

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि पोलार्डची सगळी कथा सांगितली. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, कानाने जरा कमी ऐकू येतं. रोझ बोल, लीग, ६८ वर्षं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फोन आईच्या हातात दिला, चटईवर उताणे झाले आणि दोन्ही पाय वर करून म्हणाले, “असं का? की गुडघे पोटाशी घेऊन? नीट सांग.”